घड्याळ सापडल्यानंतर

3 जानेवारी
जानेवारीच्या खेळाला आमच्या चित्रपट मंडळाने तुर्की दिग्दर्शक नुरी बिल्गे जेलानचा 'उझाक' नक्की केला. 18 तारखेला, रविवारी संध्याकाळी. सुरुवातीला दहा मिनिटं बोलायचं काम माझ्याकडे आणि फलकावर लावायचा मजकूरही माझ्याकडेच. सेक्रेटरींनी फोनवर स्वतःचा मसुदा वाचून दाखवला होता : 'महानगरातील आधुनिक माणसाच्या एकाकीपणाचा शोध.' म्हटलं, हे वाक्य कुठल्याही परदेशी चित्रपटाखाली खपतं, गेल्या वर्षी आपण खपवलंही. "मग तुम्हीच लिहा," म्हणाले. कामं अशीच गळ्यात पडतात.

गोष्ट चार वाक्यांची. इस्तंबूलमध्ये महमुत नावाचा फोटोग्राफर एकटा राहतो, बायकोशी घटस्फोट झालेला, एका फरशांच्या कंपनीसाठी फरशांचे फोटो काढून पोट भरतो. गावातला कारखाना बंद पडला म्हणून त्याचा नात्यातला भाऊ युसुफ जहाजावर नोकरी शोधायला त्याच्याकडे उतरतो. दिवस हिवाळ्याचे. नोकरी मिळत नाही आणि एके दिवशी युसुफ निघून जातो. 110 मिनिटांत एवढंच. हाणामारी नाही, मोठं रडणं नाही. एक भांडण आहे, तेही घरातल्या पसाऱ्यावरून.

6 जानेवारी
थंडी कडाक्याची. पेपरात निफाडचा पारा पहिल्या पानावर, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवल्याचे फोटो. रात्री लॅपटॉप टीव्हीला जोडून 'उझाक' लावला, तर आत्या शाल गुंडाळून शेजारी येऊन बसल्या. म्हटलं, तुर्की आहे, खाली इंग्रजी अक्षरं येतात. "येऊ देत," म्हणाल्या. "मला वाचायचंय कुठे? माणसं दिसतात ना?"

पहिलीच चौकट. पहाटेचं बर्फाळ माळरान, मागे गाव, आणि दुरून एक माणूस पिशवी घेऊन आपल्या दिशेने चालत येतोय. येतोय, येतोयच. कट नाही. तो जवळ येतो, थांबून गावाकडे एकदा वळून बघतो, मग रस्त्यावर उभा राहून गाडीची वाट पाहतो. मंडळातले निम्मे लोक इथेच घड्याळ बघतील. आत्यांचा प्रश्न वेगळाच : "एवढ्या बर्फात पायात बूट तरी धड आहेत का?"

आणि बुटांचंच प्रकरण पुढे आलं. युसुफ येणार हे महमुत साफ विसरलेला, म्हणून पाहुण्याला इमारतीखाली ताटकळावं लागतं. घरात आल्यावर त्याचे बूट कपाटात ठेवताना महमुत त्यांच्यावर फवारा मारतो. कुणी बघत नाही असं समजून. आत्या खुदकन हसल्या. म्हणाल्या, "हा चार दिवस ठेवून घेईल, पण मोजत राहील."

इंग्रजीतला एक शब्द न वाचता. मी वहीत पानभर टिपणं काढली होती, त्यांचं सार आत्यांनी बुटांवरून सांगून टाकलं.

9 जानेवारी
दहा मिनिटांत काय सांगायचं आणि काय टाळायचं, याची जुळवाजुळव.

एक गोष्ट सांगायलाच हवी : हे घर खरं जेलानचं स्वतःचं. दिग्दर्शन, पटकथा, निर्मिती आणि छायाचित्रण अशी चारही कामं त्याने स्वतः केली. माणूस मुळात फोटोग्राफर, त्याआधी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकलेला. महमुतची आई झालेली बाई ही जेलानची खरी आई, फात्मा जेलान. युसुफ झालेला मेहमेत एमिन तोप्राक त्याचा चुलत-मावस नात्यातला भाऊ. म्हणजे पडद्यावर शहरातला भाऊ गावच्या भावाला घरात घेतो, आणि पडद्यामागे शहरातल्या भावाने गावच्या भावाला चित्रपटात घेतलेलं. महमुतचा हलकटपणा इतक्या बारकाईने कुठून आला असेल, हे यावरून कळतं. दुसऱ्या कुणावर नेम धरून असं लिहिता येत नाही.

दुसरी गोष्ट मंदीची. फेब्रुवारी 2001मध्ये तुर्कस्तानात बँका कोसळल्या, लिरा गडगडला, कारखाने बंद पडले. युसुफचा कारखाना हवेतून आलेला नाही. जहाजाच्या नोकरीचं त्याला आकर्षण का, तर पगार डॉलरमध्ये. त्याच्या खुळेपणात एवढा हिशेब आहे. तो बंदरावर जातो तर तिथे एक मोठं जहाज धक्क्यालगत कलंडून पडलेलं, अंगावर बर्फ. हे दृश्य सगळ्या पोस्टरांवर असतं आणि सगळे समीक्षक त्यावर उतरतात. मला ते जरा जास्तच सुंदर वाटतं. त्यापेक्षा चहाच्या दुकानातला तो खलाशी मला खरा वाटतो, जो युसुफला सांगतो की जहाजावर काही ठेवलेलं नाही, आणि युसुफ ऐकल्यासारखं करतो.

आत्यांना मंदीचं सांगितलं. म्हणाल्या, "आमचं उलटं झालं. गिरणी मुंबईला बंद पडली आणि आम्ही गावाला आलो." मग कॅलेंडरकडे बघून : "अठरा तारीख म्हणालीस ना? संप अठरालाच सुरू झाला होता." 18 जानेवारी 1982. खरंच की. दत्ता सामंतांचा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडलेले, त्यातले आत्यांचे यजमान एक.

11 जानेवारी
दिवसभरात जेलानचे आधीचे दोन चित्रपट पुन्हा पाहिले. 'कासाबा' (1997), काळा-पांढरा, त्याच्या बहिणीच्या, एमिने जेलानच्या गोष्टीवरून. आणि 'मे महिन्यातले ढग' (1999). दोन्हीत तोप्राक आहे, आणि दोन्हीत त्याला गावातून निघायचंय.

दुसऱ्या चित्रपटात इस्तंबूलचा एक दिग्दर्शक गावी येऊन आपल्या आईवडिलांना घेऊन चित्रपट काढतो. हे काम करणारा नट मुझफ्फर ओझदेमिर, म्हणजे पुढचा महमुतच. गावच्या भावाला तो मदतीला घेतो. हा भाऊ कारखान्याची नोकरी सोडून त्याच्यामागे लागलेला, कारण इस्तंबूलला काहीतरी बघून देईन असं दिग्दर्शक म्हणालेला असतो. काम उरकत आल्यावर हा अंग काढून घेतो. इस्तंबूल सोपं नाही, तू इथेच बरा, वगैरे. भाऊ ऐकून घेतो.

तीन वर्षांनी 'उझाक'मध्ये नावं बदलली, चेहरे तेच, आणि भाऊ आपणहून दारात येऊन उभा. पहिल्या चौकटीत तो एवढा लांबून का चालत येतो, याचा उलगडा आज झाला : तो दोन चित्रपट चालत आलाय. हे रविवारी सांगायचं. (टाळीचं वाक्य आहे, पण खरंही आहे.)

आणि हेही सांगावं लागेल. डिसेंबर 2002मध्ये तोप्राक मोटार अपघातात गेला. वय 28. पुढच्या मे महिन्यात कान महोत्सवात 'उझाक'ला ग्रां प्री मिळालं आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक ओझदेमिर व तोप्राक या दोघांत विभागून. हे खेळाआधी सांगितलं तर लोक युसुफकडे कीव घेऊन बघतील, आणि चित्रपट ती कीव मागत नाही. युसुफ काही साधाभोळा संत नव्हे. पोरींच्या मागे मागे फिरतो. एका मुलीवर छाप पाडायला गाडीला टेकून उभा राहतो आणि गाडीचा भोंगा बोंबलायला लागतो. घरात आयतं बसून सिगारेटी ओढतो, सांडतो, उचलत नाही. तेव्हा मृत्यूचं नंतर सांगायचं.

13 जानेवारी
भोगी. बाजरीच्या भाकरी, तीळ लावून. भाजीला पावटे, हरभरा, गाजर, वांगं, बोरं सगळं मिळालं. आत्यांनी खुर्चीत बसून पावटे सोलले आणि उंदराबद्दल विचारलं.

उंदीर म्हणजे 'उझाक'मधला. महमुतच्या स्वयंपाकघरात उंदीर झालाय, त्याने जमिनीवर गोंदाची पट्टी लावून ठेवलीय, आणि रात्री अंधारात स्वतःच तिच्यावर पाय देतो. पुढे एका रात्री उंदीर चिकटतो. चीं चीं ऐकून दोघं जागे होतात. महमुतचं म्हणणं, सकाळी इमारतीचा माणूस येऊन बघेल. युसुफला ते ऐकवत नाही. तो उंदीर पट्टीसकट पिशवीत घालून बाहेर कचऱ्यात टाकतो, तर मांजरं जमतात. मग तो परत वळतो, पिशवी उचलतो आणि भिंतीवर आपटून उंदराला मारतो. महमुत वरून खिडकीतून बघत असतो.

"त्याने केलं ते बरोबर केलं," आत्या म्हणाल्या. "वरचा नुसता बघत होता." मी म्हटलं, वरच्याला निदान लाज वाटली असेल. "लाजेने उंदीर मरत नाही."

मग पावटे सोलता सोलता, न विचारता, सिन्नरचं निघालं. संपानंतर आत्या दोन मुलांना घेऊन आमच्याकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे राहिल्या होत्या. सिन्नरला विड्यांचा धंदा, त्या विड्या वळायला बसायच्या. लालबागला असताना त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत गावाकडचं माणूस नाही असा महिना जायचा नाही. पाहुणा एक दिवस, दोन दिवस, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली, असं त्या स्वतःच म्हणायच्या, आणि मग त्यांच्यावरच ती वेळ आली.

"दादा कधी शब्दाने बोलला नाही हो. पण वहिनी रॉकेलच्या बाटलीवर रेघ मारून ठेवायची."

वहिनी म्हणजे माझी आई.

ती रेघ मला आठवते. काचेची बाटली, बुचाला चिंधी, आणि बाहेरून निळ्या पेन्सिलीची तिरकी खूण. औषधाच्या बाटलीवर माप असतं तसं रॉकेललाही असणार, असं मला वाटायचं. आत्या विड्या वळायला रात्री चिमणी लावायच्या, त्याचं ते माप होतं. मी काहीतरी बोलणार होते, पण आत्यांनीच पुढचं टाकलं : "मीपण मारली असती. रेशनचं रॉकेल, काय करील ती? आण तो गाजराचा चाकू."

15 जानेवारी
फलकाचा मजकूर दिला. एकाकीपणा कुठेही नाही.

मला या चित्रपटात जे सर्वांत मोठं वाटतं ते घड्याळाचं प्रकरण. महमुतला एका फोटोसाठी चांदीचं खिशातलं घड्याळ हवं असतं, ते सापडत नाही. तो शोधतो. बोलत काहीच नाही, पण युसुफपुढे ज्या पद्धतीने शोधतो त्यात सगळं येतं. युसुफ कासावीस. मग घड्याळ एका डब्यात सापडतं. महमुतने स्वतःच ठेवलेलं.

आता एक वाक्य बोलायचं राहिलं : सापडलं बरं का. ते तो बोलत नाही. युसुफ येऊन शपथेवर सांगतो की मी घेतलं नाही, तेव्हाही महमुत म्हणतो, मी कुठे म्हटलं तू घेतलंस? आणि विषय मिटवल्यासारखा करतो. संशय फिटलाय, हे ज्याच्यावर होता त्याला कळूच देत नाही. याला रागीटपणा म्हणता येत नाही, दुष्टावाही नाही. पसाऱ्यावरून एवढं भांडण झाल्यानंतर 'सापडलं' म्हणणं म्हणजे एक पायरी खाली उतरणं, आणि ती उतरण्याची किंमत महमुतला घड्याळापेक्षा जास्त वाटते.

हाच माणूस कधीकाळी तारकोव्हस्कीसारखे चित्रपट काढायला निघाला होता. घरी तारकोव्हस्कीचा 'स्टॉकर' लावून बसतो, युसुफ कंटाळून झोपायला गेला की ती टेप काढून अश्लील टेप लावतो, आणि युसुफ परत डोकावला की घाईघाईने टीव्हीचा चॅनल. या जागी हशा येतो, यायलाच हवा. पण मला यापेक्षा बोचतो तो अनातोलियातला प्रसंग. दोघं फोटो काढायला गाडीने फिरतायत. डोंगरउतारावर उजेड असा पडलाय, मेंढ्या अशा उभ्या आहेत, की महमुत गाडी थांबवतो. युसुफ म्हणतो, कॅमेरा लावू का? महमुत क्षणभर बघतो आणि म्हणतो, जाऊ दे, कशाला. गाडी पुढे. कलावंत म्हणून तो कसा संपला, हे सांगायला जेलानला अर्धं मिनिटही लागत नाही.

मग अशा माणसाने गावच्या भावाला ऐकवावं की, मी इथे खिशात दमडी नसताना आलो, कुणाची ओळख लावली नाही, तुम्ही गावचे लोक मात्र वशिला शोधता. वशिल्याचं हे भाषण कुठल्याही मराठी घरात शब्दाला शब्द ऐकू येईल. आमच्या मंडळातच दोघंतिघं ते नेहमी करतात. खेळानंतर त्यांचे चेहरे बघायचे आहेत.

18 जानेवारी
खेळ झाला. वाचनालयाचं सभागृह, थंडीमुळे खिडक्या बंद, प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. माळरानाच्या पहिल्या चौकटीला कुणीतरी मोठ्याने विचारलं, "अडकलं का?" 'स्टॉकर'ला हशा आला. उंदराला दोन बायका उठून बाहेर गेल्या आणि नंतर परत आल्या.

बायकोच्या प्रसंगाला मात्र अगदी शांतता. महमुतची आधीची बायको नाझान, दुसऱ्या नवऱ्याबरोबर कॅनडाला कायमची चाललीय. जाण्याआधी ती त्याला भेटून सांगते की तिला आता मूल होणं कठीण दिसतंय, आणि कारण त्यांच्या संसारातच केलेला गर्भपात. तीही आरोप करत नाही, माहिती दिल्यासारखं बोलते. ती जाते त्या दिवशी महमुत विमानतळावर जातो, पण खांबाआडून बघतो. घड्याळाच्या वेळी जे केलं तेच.

घरी येतो तर युसुफ गेलेला. किल्ली जागेवर. आणि त्याचं स्वस्त सिगारेटचं पाकीट, जे त्याने आधी पुढे केलं होतं तेव्हा महमुतने तोंड वाकडं केलं होतं. शेवटी महमुत बॉस्फरसच्या काठी बाकावर बसून तीच सिगारेट ओढतो, वारा सुटलाय, आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यापाशी जातो.

चर्चा छान पेटली. एक गृहस्थ म्हणाले, काही घडतच नाही. त्यांच्या मागच्या बाईंनी ऐकवलं, "तुमच्या घरी काय घडतं रोज?" वशिल्याचं भाषण करणाऱ्यांपैकी एकाने महमुतची बाजू घेतली : सांभाळलं ना त्याने, खायला घातलं, अजून काय करायचं? मला हे आवडलं. महमुतची बाजू आहेच. आईच्या आजारपणात तो इस्पितळात रात्री जागतो, तिला धरून चालवतो. परत येतो तर घर उकिरडा झालेला. त्याचा संताप शंभर टक्के रास्त आहे, आणि त्या रास्त संतापातच तो नको ते बोलून जातो.

सिगारेटवर सगळ्यांचं एकमत : पश्चात्ताप, भावाची आठवण, शेवटी का होईना स्वीकार. मीही साधारण तेच बोलले. पाठोपाठ तोप्राकचं सांगितलं, त्यावर कुणी काही बोललं नाही, खुर्च्या आवरायला लागले.

19 जानेवारी
आत्यांना सिगारेटचा अर्थ सांगितला. त्या आल्या नव्हत्या, रात्रीची थंडी सोसत नाही. पण शेवट त्यांनी घरी पाहिला होता. त्यांनी तो साफ उडवून लावला. "तलफ आली की विडी कुणाचीही चालते. मी वळल्यात विड्या, मला सांगू नकोस." मग युसुफने पाकीट मुद्दाम ठेवलं असेल का, असं विचारलं. "विसरला. बस पकडायची घाई असते माणसाला." आणि थोड्या वेळाने आपणहून : "हा आता फोन करील बघ त्याला." मी म्हटलं, शक्यच नाही, तीन चित्रपट ओळखते मी त्याला. "तीन कसले घेऊन बसलीस? मंदी सरली की करतात लोक फोन. दादाने केला होता." हा कुठला फोन, कुणाला, कधी, यावर त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

सेक्रेटरींचा फोन. लोकांना जेलान आणखी हवाय म्हणे, फेब्रुवारीत 'विंटर स्लीप' लावू या, पाम दॉर मिळालेला. म्हटलं, लावा, पण तो 196 मिनिटांचा आहे, आणि 'उझाक'मध्ये माणसं बोलत नाहीत तर त्यात बोलायची थांबत नाहीत. कापादोकियातलं गुहांमधलं हॉटेल, बर्फ, निवृत्त नट आयदिन, त्याची तरुण बायको आणि घटस्फोट घेऊन माहेरी आलेली बहीण नेक्ला. तिघंही सुशिक्षित, आणि तिघांनाही समोरच्याला नेमकं कुठे टोचायचं ते पाठ. सभागृह नऊला बंद करावं लागतं, म्हणजे साडेपाचला सुरू. सेक्रेटरी म्हणाले, मध्यंतर घ्यावंच लागेल, चहाशिवाय लोक बसणार नाहीत. कुठे तोडायचं ते तुम्ही ठरवा.

भावाबहिणीचं ते लांबच लांब भांडण संपतं तिथे तोडावं म्हणते. ती पाठीमागे कोचावर, तो टेबलाशी पाठमोरा. त्यानंतर चहा हवाच. फक्त चहावाल्याला आधी सांगून ठेवायला हवं की भांडण सुरू झालं म्हणजे आधण ठेवायचं नाही, अजून बराच वेळ आहे.